तज्ज्ञांच्या कपाळावरचा घाम

अमेरिकेचा पुढचा अध्यक्ष कोण होणार, हे माझ्या खुर्चीत बसून आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. खुर्चीतून उठायचं, गळ्यात खोचलेला टिशू काढायचा, कॉरिडॉर ओलांडून समोरच्या स्टुडिओत शिरायचं, की मग सगळ्यांना कळायचं. कुठल्या राज्यात कोण पुढे, बायकांची मतं कुणाला, कारखान्यातले कामगार कुणावर रुसलेत, सगळं. त्या कॉरिडॉरमध्ये नेमकं काय होतं, हे मी निवृत्त होईपर्यंत शोधत होते. तिथे पाण्याचा एक कूलर होता आणि वाळलेल्या झाडाची एक कुंडी. बाकी काही नाही.

मी दोह्यात मेकअप करायचे. नट्यांचा नव्हे, टीव्हीवर बसून जगाचं भविष्य सांगणाऱ्या तज्ज्ञांचा. अल रय्यानला एका आडबाजूला आमचा स्टुडिओ होता. स्वतःचं चॅनेल वगैरे काही नव्हतं, दोन-चार अरबी वाहिन्यांना चर्चेचे कार्यक्रम तयार करून द्यायचे. नाव सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार. त्याआधी मी सांगलीत नवऱ्या सजवायचे. लग्न करून दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये आले, नवरा दिवसभर कामाला, मग तिथेही नवऱ्या सजवायला लागले. एका नवरीचा भाऊ स्टुडिओत होता, त्याने विचारलं, पुरुषांचा मेकअप जमेल का? मी म्हटलं, बहिणीला मिशी होती, कुणाला दिसली का? नोकरी लागली.

नवरीचा मेकअप आणि तज्ज्ञाचा मेकअप यात फरक एवढाच, की मंडपात गेल्यावर नवरीला बोलायचं नसतं.

लोकांना वाटतं, मेकअप म्हणजे नसलेलं रूप आणणं. टीव्हीवरच्या पुरुषांच्या बाबतीत मेकअप म्हणजे असलेलं लपवणं. दिव्यांची धग, त्यात सूट आणि टाय, त्यात माहीत नसलेलं ठामपणे सांगायचा ताण. माणूस चकाकायला लागतो. कॅमेरा इतका चोंबडा, की नाकाच्या शेंड्यावरचा थेंब त्याला आधी दिसतो, माणूस नंतर. आणि चकाकणारा माणूस घरी बसलेल्याला लबाड वाटतो. तोच माणूस, तेच वाक्य, पण कपाळ कोरडं असलं की विद्वान. माझा सगळा धंदा एवढ्यावर चालायचा.

बाकीच्या खुब्या सोप्या आहेत. सकाळी दाढी केलेला गाल संध्याकाळी निळसर दिसतो. त्यावर थेट कातडीचा रंग लावला तर माणूस राखेत लोळल्यासारखा दिसतो. म्हणून आधी नारिंगी लावायचं आणि मग कातडीचा रंग. टकलावर दोन हात मारायचे, कानामागे विसरायचं नाही. अगदीच घामट गिऱ्हाईक असेल तर रुमालात बर्फ गुंडाळून मानेमागे धरायचा, चेहरा बराच वेळ कोरडा राहतो. आणि जाहिरातींच्या वेळात स्टुडिओत धावत जाऊन टच-अप द्यायचा, म्हणजे परत पावडर मारायची. कॅमेरा सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं. आपला हात पडद्यावर दिसणं यासारखं पाप आमच्या धंद्यात दुसरं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. एक निवृत्त सेनापती यायचे. "गालावरचा व्रण झाकू नकोस, तो लढाईतला आहे," असं दर वेळी बजावायचे. मी मोठ्या आदराने तेवढी जागा सोडून बाकीचं तोंड रंगवायचे. पुढे एकदा त्यांची बायको सोबत आली, तेव्हा तो व्रण मोटरसायकलवरून पडल्याचा निघाला. दोन प्राध्यापक होते, हाडवैरी म्हणून प्रसिद्ध. माझ्याकडे शेजारीशेजारी बसून कडक चहा प्यायचे, गुडघेदुखीवर औषधं सुचवायचे, मग आत जाऊन एकमेकांना युद्धखोर आणि विकला गेलेला म्हणायचे आणि बाहेर आल्यावर एक दुसऱ्याला गाडीने विमानतळावर सोडायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. टीव्हीवर पोहरा नेहमी भरलेला असतो, आड कुणी बघायला जात नाही.

आता त्या निवडणुकीबद्दल.

त्या वर्षी युद्ध चालू होतं. मतदान अमेरिकेत आणि बॉम्ब इकडे, अशी वाटणी होती. अमेरिकेतल्या माणसाला मत देताना अंड्यांचा भाव आठवत असेल. दोह्यात मात्र ज्याला त्याला आपलं कुणीतरी आठवायचं. भाजीच्या दुकानात, लिफ्टमध्ये, दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून, सगळीकडे एकच प्रश्न: कोण येणार? म्हणजे युद्ध थांबणार की वाढणार?

आणि मी तर तज्ज्ञांच्या अंगाला हात लावणारी. मतदान जवळ आलेलं असतानाच दिवाळी आली. अबू हमूरला एका पुणेकरांच्या व्हिलात मराठी मंडळींचा फराळ होता. मी चकली तोंडात घालते न घालते तोच रत्नागिरीचे सलीमभाई, टाइल्सचे व्यापारी, समोर येऊन उभे राहिले.

"वैनी, तुमी त्यांच्या टकलावर हात फिरवताव. तुमाला नाय कळनार तर कोनाला?"

खरं सांगते, मला चढली. इतकी वर्षं त्या व्हिलात गॅस इंजिनिअर बोलायचे आणि आम्ही बायका ताटं भरायचो. त्या दिवशी सगळे गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ताट खाली ठेवलं आणि माझा सिद्धान्त मांडला.

सिद्धान्त असा. आमच्या टेबलावर एका पक्षाची बाजू घेणारा तज्ज्ञ नेहमी दाराकडच्या खुर्चीत बसायचा आणि दुसऱ्या पक्षाचा पलीकडे, कापडी पडद्याकडच्या. गेला महिनाभर मी बघत होते. पडद्याकडे बसणारे सगळे घामाने निथळायचे. माणूस कुठलाही असो, गोरा, काळा, जाडा, बारीक. दाराकडचे मात्र खडखडीत कोरडे. माझी पावडर खोटं बोलेल, पण घाम खोटं बोलत नाही. आपली बाजू हरणार हे ज्याला आतून कळलंय त्यालाच घाम फुटतो. तेव्हा पडद्याकडचा पक्ष पडणार, दाराकडचा येणार, खलास!

टाळ्या पडल्या. पुणेकर यजमानसुद्धा म्हणाले, "इंटरेस्टिंग." पुणेकराकडून याच्या वर काही मिळत नाही.

फक्त आमचे हे, जे जन्मभर एअर कंडिशनिंगच्या कंपनीत इंजिनिअर, ते शंकरपाळे चावत म्हणाले, "अगं, तिथे एसीचा डक्ट कुठे आहे?"

"तुम्ही गप्प बसा हो," मी म्हटलं. लोक हसले आणि माझं भाकीत अख्ख्या दोह्यात पसरलं.

आता रीमाबद्दल सांगायला हवं. रीमा आमच्याकडे केसांचं काम करायची. मी चेहरा, ती डोकं. लेबनॉनची, चाळिशीची, जिभेने माझ्याहून तिखट. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मध्ये तिची अरबी आणि माझी सांगली. तिची आई लेबनॉनच्या दक्षिणेला, सीमेपासून जरा आत असलेल्या गावात एकटी राहायची. नवरा केव्हाच गेलेला, घराभोवती ऑलिव्हची झाडं. अर्धं गाव उत्तरेला निघून गेलं होतं आणि ही बाई हलायला तयार नव्हती, कारण ऑलिव्ह उतरवायचे दिवस होते. रीमाच्या फोनवर ती रोज दिसायची, डोक्याला रुमाल, मागे झाड. मला बघून हात हलवायची. मी तिला खाल्ती म्हणायचे, म्हणजे मावशीच.

रीमा रोज फोनवर रडायची, ओरडायची. खाल्तीचं उत्तर ठरलेलं, "डॉक्टर म्हणालेत, निवडणुकीपर्यंत काही होत नाही."

हे डॉक्टर म्हणजे आमचेच एक तज्ज्ञ. औषधाचे नव्हेत, राज्यशास्त्राचे. अमेरिकेत शिकवून आलेले, भारदस्त आवाज, टेबलाच्या बरोबर मधली खुर्ची त्यांची. त्यांचं भाकीत असं, की अमेरिकेत मतदान होईपर्यंत युद्ध वाढू नये अशीच सगळ्यांची इच्छा आहे, तोवर दक्षिणेत शांतता राहील. हे ते दर कार्यक्रमात सांगायचे आणि खाल्ती दर कार्यक्रम बघायची.

"त्याच्यावरच का एवढा विश्वास?" मी एकदा रीमाला विचारलं.

"कपाळ," रीमा म्हणाली. "माझी आई जन्मभर ऑलिव्ह विकत आली. तिचा एकच नियम आहे. भाव सांगताना ज्या व्यापाऱ्याला घाम येतो तो लबाड. डॉक्टरला कधीच घाम येत नाही, असं म्हणते."

डॉक्टर आमच्याकडचं सगळ्यात घामट गिऱ्हाईक होते. त्यांना मी दोन थर द्यायचे, वर मानेमागे बर्फ. खाल्ती ज्या कपाळावर विसंबून बॉम्बच्या वाटेत बसली होती ते कपाळ माझ्या हातचं होतं. फराळाच्या ताटापुढे मी जो सिद्धान्त मांडून टाळ्या घेतल्या, तोच तिचाही होता. फरक इतकाच, की मी चकली खात होते आणि ती आपलं घर आणि जीव पणाला लावून बसली होती. माझं हसू तिथल्या तिथे मेलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. मी साडी नेसून, हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या घालून कामावर गेले होते. डॉक्टर येऊन खुर्चीत बसले. रीमा त्यांचे होते नव्हते ते केस विंचरत होती. तिने एकदम विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा. कोण येणार?"

"हबीबती, मला काय माहीत?" ते डोळे मिटून म्हणाले. "नाणं उडवल्यासारखं आहे."

"आणि तोपर्यंत दक्षिणेत काही होणार नाही, हे?"

"इन्शाल्ला नाही होणार."

"इन्शाल्ला नको. माहीत आहे का?"

त्यांनी डोळे उघडले. रीमाने कंगवा खाली ठेवून आईचं सगळं सांगितलं. गाव, ऑलिव्ह, रोजचा टीव्ही. मग म्हणाली, "आज एक वाक्य बोला. फक्त एवढंच, की माझ्या बोलण्यावर कुणी गावात बसून राहू नका."

माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा खरंच पडला. "प्रयत्न करतो," ते म्हणाले. "पण मला माहीत नाही असं टीव्हीवर म्हणणाऱ्याला पुन्हा कोण बोलावतं?"

मी दोन थर दिले आणि बर्फ धरला. ते कॉरिडॉर ओलांडून गेले.

आम्ही दोघी बाहेरच्या टीव्हीसमोर उभ्या राहिलो. पहिल्या भागात ते वाक्य येणार म्हणून रीमाने माझं मनगट धरून ठेवलं होतं. सूत्रसंचालकाने विचारलं आणि डॉक्टरांनी तो भारदस्त आवाज लावला. रीमाच्या बोटांवरून मला अर्थ कळला. तरी तिने भाषांतर केलं, "म्हणतोय, खात्रीने सांगतो, मतदानापर्यंत दक्षिण शांत राहील." उचलली जीभ, लावली टाळ्याला. डोकं कोरडं, कपाळ कोरडं, नाकाचा शेंडासुद्धा कोरडा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात उत्तम काम होतं ते.

जाहिराती लागल्या. "टच-अप, यल्ला!" कानातल्या यंत्रात प्रोड्युसर ओरडला.

मी आत गेले. एका हातात पावडरचा पफ होता, दुसऱ्या हातात मेकअप उतरवायचे ओले रुमाल. पफ मी कंबरेच्या पिशवीत टाकला. डॉक्टर नेहमीच्या सवयीने हनुवटी वर करून, डोळे मिटून बसले होते. मी त्यांचं कपाळ पुसलं. मग नाक, गाल, हनुवटीची खळगी, सगळं टक्कल. दोन्ही थर निघाले. त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. ओला रुमाल आणि कोरडी पावडर यातला फरक त्या माणसाला कळत नसेल? पण त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. मी जरा जास्तच मन लावून पुसत राहिले आणि तेवढ्यात कॅमेरा सुरू झाला.

पुढचा भाग मी बाहेरून पाहिला. दिव्यांनी आपलं काम चोख केलं. आधी टक्कल चकाकलं. मग कपाळावर थेंब आले, थेंब भुवईत उतरले, एक नाकावरून थेट ओठावर पडला. डॉक्टर अमेरिकेतली राज्यं मोजत होते आणि चोरी पकडलेल्या माणसासारखे निथळत होते. प्रोड्युसर माझ्या कानात असे अरबी शब्द बोलत होता जे मला तोवर कुणी शिकवले नव्हते.

कार्यक्रम संपायच्या आतच रीमाचा फोन वाजला. खाल्ती. फोन कानापासून लांब धरावा इतकी ओरडत होती. रीमाने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणते?"

"म्हणते, हा माणूस खोटं बोलतोय. उद्या शेजाऱ्याच्या गाडीतून बहिणीकडे जाते, उत्तरेला. म्हणते, ऑलिव्ह गेले खड्ड्यात."

आम्ही दोघी त्या वाळलेल्या कुंडीजवळ एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. डॉक्टर स्टुडिओतून बाहेर आले, आमच्याकडे बघितलं, कूलरमधून पाणी प्यायले आणि तोंड न धुता निघून गेले.

मतदान व्हायच्या आतच खाल्तीच्या गल्लीवर बॉम्ब पडला. तिच्या घराचा पुढचा भाग गेला. मागची झाडं ऑलिव्हसकट उभी राहिली आणि ते उतरवायला कुणी नव्हतं.

निकाल लागला. पडद्याकडचा पक्ष, ज्याला मी अबू हमूरच्या फराळात बुडवला होता, तो जिंकला. सलीमभाईंनी फोन करून फक्त "वैनी?" एवढंच म्हटलं आणि ठेवला. आमच्या ह्यांनी एका सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत येऊन, शिडीवर चढून पाहणी केली. एसीचा डक्ट दाराकडच्या खुर्चीच्या बरोबर डोक्यावर होता. पडद्याकडे हवा पोहोचतच नव्हती आणि वर सगळ्यात मोठा दिवा होता. शिडीवरून ते म्हणाले, "इथे कुठलाही पक्ष बसव, भिजणारच." कावळा बसला आणि फांदी मोडली, असं तरी म्हणता आलं असतं. माझ्या बाबतीत कावळा बसला आणि फांदी तशीच राहिली.

मला लेखी ताकीद मिळाली, पडद्यावर हात दिसल्याबद्दल. कपाळाबद्दल "हलगर्जी" एवढाच शब्द होता. डॉक्टरांचं मात्र नुकसान झालं. त्यांचा घामाघूम चेहरा मोबाइलवरून सगळीकडे फिरला, लोकांनी त्याला गाणी जोडली, बरेच महिने त्यांना कुणी बोलावलं नाही. पश्चात्ताप झाला का? झाला, चमचाभर. तो त्यांच्या पोटापाण्याचा. पुसल्याचा नाही.

पुढे ते परत आले. कपाळं परत कोरडी करायची असतात, हा जगाचा नियम आहे. खुर्चीत बसायच्या आधी ते दारातच थांबले आणि मला विचारलं, "तिची आई वाचली ना?"

"वाचली."

ते बसले, डोळे मिटले, हनुवटी वर केली. "मग लाव," म्हणाले. मी तीन थर दिले.

माझ्या निवृत्तीच्या आधी खाल्ती लेकीकडे दोह्याला आली. रीमा तिला स्टुडिओ दाखवायला घेऊन आली. फोनमध्ये वाटायची त्याहून बुटकी, हात झाडाच्या सालीसारखे. मला मिठी मारली आणि मग माझं मनगट धरून बघायला लागली. घरी हळदीकुंकू झालेलं होतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या. ती बांगड्या फिरवत काहीतरी म्हणाली आणि रीमाचा चेहरा बदलला.

"काय म्हणते?"

"म्हणते, हाच हात. म्हणते, घाम काय, उकाड्यानेही येतो, मी इतकी खुळी नाही. पण टीव्हीवरच्या माणसाचं तोंड घाईघाईने पुसणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. रोज लावणारी बाई आज पुसतेय, म्हणजे तिला काहीतरी माहीत आहे, म्हणून निघाले."

मला काहीही माहीत नव्हतं. हे मी तिला सांगितलं. रीमाने भाषांतर केलं. खाल्ती खो खो हसली, माझ्या गालावर चापट मारली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसली, जिथे सेनापती आणि डॉक्टर बसायचे तिथे. आरशात बघून तिने रुमाल सारखा केला.

"विचार तिला," मी रीमाला म्हटलं, "आता पुढे काय करणार?"

खाल्ती माझ्याकडे बघूनच उत्तर देत होती. "घराला पुढची भिंत नाही. तरी येत्या ऑलिव्हच्या दिवसांत मी माझ्या झाडाखाली असणार. मला माहीत आहे."

इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बसून "मला माहीत आहे" म्हणणारं हे पहिलंच माणूस. कशावरून, असं मी विचारायच्या आत तिने माझा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला. पावडर नाही, काही नाही. सुरकुत्या आणि गरम, कोरडं कातडं.

एसीचा नवा डक्ट आमच्या ह्यांनी मध्यंतरी बरोबर माझ्या त्या मेकअपच्या खुर्चीच्या डोक्यावर काढून दिला होता. ते मी तिला सांगितलं नाही.